साईवाले आलू का चीजवाले आलू? आधी ताटात बाजूला काय आहे ते सांगा

प्रश्न : ताई नमस्कार, आमचं गाव दारव्हा तालुक्यात आहे. दिवाळीत पोरगा-सून पुण्याहून येऊन राहिले, सोबत दोन नाती. सुनेचा फोन आला का आई, यंदा मी बेक केलेले बटाटे करते, एक क्रीमवाला प्रकार असते अन् एक चीजवाला, तुम्हाले कोणता चालेल. आता मले तं दोन्हीतलं काहीच माहीत नाही. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तर्रीवालं मटण होते, त्याच्याचसोबत ती हे करणार. खाणारे आम्ही आठ जण. घरी ओव्हन नाही, लाइटचा भरवसा नाही, दूध मात्र घरच्या म्हशीचं आहे. काय सांगू तिले?

उत्तर : काकू, सुनेला सांगा साईवाले कर. तुमच्या पत्रात तर्रीवालं मटण वाचलं तेव्हाच माझं उत्तर ठरलं होतं, का ते सांगते.

दोन्हीत आलूच्या पातळ चकत्या थरावर थर लावून भाजतात, तिथपर्यंत सारखंच. क्रीमवाल्यात दूध, साय, लसूण, मिरं अन् मीठ एवढंच, चीज अजिबात नाही, आलूतलाच स्टार्च सुटून दूध घट्ट होतं. चीजवाल्यात थराथरात नाहीतर वरून चीज किसून टाकतात. फ्रान्सच्या आग्नेय भागात दोफिने म्हणून जुना प्रांत होता तिथला हा क्रीमवाला प्रकार, १२ जुलै १७८८ ला गाप नावाच्या गावातल्या एका सरकारी मेजवानीत तो वाढल्याची नोंद आहे, अन् तिथले जुने लोक आजही त्यात चीज घालू देत नाहीत. शेजारच्या साव्हॉय भागात मात्र चीज लागतंच, अन् दुधाऐवजी रस्सा घालतात. म्हणजे शेजारी-शेजारी राहून तिथंही दोन मतं आहेतच. या पदार्थाला ते ग्रातँ म्हणतात, अन् तो शब्द आलाय खरवडण्यावरून, गंजाच्या कडेला लागलेली खरपूस खरवड आपण भांडून खातो ना, तीच त्यांच्याकडे मानाची.

आता तर्रीचं. मिरचीचा जो जाळ असतो तो पाण्यानं उतरत नाही, तो स्निग्धात विरघळतो, अन् दुधातलं प्रोटीन त्याला जिभेवरून सोडवतं, म्हणून झणझणीत रस्स्याच्या बाजूला दुधा-साईचे मऊ आलू असले का नाती पण दोन घास जास्त जेवतील. चीजमध्येही दूधच आहे हे खरं, पण चीज खारट असतं अन् गरम झालं का तूप सोडतं. एकीकडे तर्रीचं तेल, दुसरीकडे चीजचं तेल, ताट जड होऊन जातं अन् मटणाची चव मरते. चीजवाले आलू कोरड्या जेवणासोबत शोभतात, भाजलेलं चिकन, वाफवलेल्या भाज्या, नाहीतर संध्याकाळी नुसते पावासोबत. शिवाय तालुक्याहून आणलेलं चीज लाइट जाते-येते अशा फ्रीजमध्ये आठ दिवस ठेवण्यापेक्षा गोठ्यातलं दूध केव्हाही चांगलं. म्हशीच्या दुधात फॅट साधारण ६ ते ७ टक्के असतं, शहरातल्या लोकांना क्रीमचा डबा आणावा लागतो, तुम्हाला रोजची साय जमवली का झालं.

आठ जणांना १ किलो आलू. सोलून अख्खे धुवायचे, अन् मग चकत्या करायच्या, साधारण ३ मिमी जाड, म्हणजे दोन नाणी एकावर एक ठेवली तेवढ्या. चकत्या केल्यावर पाण्यात टाकू नका, हे सुनेला नक्की सांगा! मी पहिल्यांदा केले तेव्हा भज्यांच्या आलूसारख्या चकत्या दोन पाण्यातून काढल्या, सगळा स्टार्च धुऊन गेला अन् तासभर शिजवूनही खाली दूध पाण्यासारखं पातळच, वर आलू वेगळे पोहून राहिले होते. इतकं वाईट वाटलं का सांगू नका, सगळी साय वाया गेली होती.

अर्धा लिटर उकळलेलं दूध अन् वाटीभर ताजी साय फेटून घ्या, साय आंबट झालेली नको, आंबटानं दूध फाटतं. त्यात चार पाकळ्या लसूण ठेचून, मिरंपूड, मीठ, चिमूटभर जायफळ. लागलंच तर चमचाभर मैदा गार दुधात कालवून घाला, त्यानं दूध फाटायची भीती कमी होते. चकत्या या दुधात टाकून मंद आचेवर ८-१० मिनिटं हलक्या हातानं हलवत ठेवा. थोड्या वेळानं दूध उलथन्याला चिकटायला लागेल, चकती वाकेल पण तुटणार नाही, तेव्हा उतरवा अन् लोणी लावलेल्या पसरट डब्यात थर लावून उरलेलं दूध वरून ओता.

ओव्हन नाही म्हणून अडू नका. जाड कढईत दोन वाट्या जाडं मीठ पसरा, त्यावर रिंग, झाकण लावून १० मिनिटं तापू द्या, मग डबा ठेवून मंद आचेवर पाऊण तास. सुरी घातली तर लोण्यात गेल्यासारखी गेली पाहिजे. पण कढईत वरून रंग येत नाही, पांढरंफट्ट राहतं, तर त्याचा इलाज तुमच्याच घरी आहे. रोडग्यांसाठी गोवऱ्यांचा जसा निखारा करता तसा थोडा करून कढईवर लोखंडी तवा झाकून त्या तव्यावर पसरा, १०-१५ मिनिटांत वरची साय तांबूस होऊन कडेनं बुडबुडे येतात. राख आत जाणार नाही एवढं पाहा, झाकण काढायच्या आधी निखारे बाजूला करा. उतरवल्यावर लगेच वाढू नका, १५ मिनिटं ठेवलं का दूध आटून बसतं अन् चौकोनी तुकडा निघतो.

अन् नातींना चीज हवंच असेल तर त्यांच्यापुरती एक वाटी वेगळी लावा, सगळ्यांच्या डब्यात नको.

प्रश्न : मी वर्ध्याकडच्या एका खेड्यातला, बायकोसाठी चीजवाले आलू केले तर वरचं चीज रबरासारखं झालं अन् तारही सुटली नाही. चीज खराब होतं का?

उत्तर : भाऊ, चीज चांगलंच असेल. आपल्याकडे दुकानात क्यूब नाहीतर स्लाइस मिळतात ते प्रोसेस्ड चीज, त्यात घातलेल्या क्षारांमुळे ते छान वितळतं पण तार सुटत नाही, तार पाहिजे तर मोझरेला. मी अर्धं-अर्धं घेते, एकानं चव येते, दुसऱ्यानं तार. अन् रबर झालं कारण तुम्ही बहुतेक सुरुवातीपासूनच चीज वर टाकून ठेवलं. आधी आलू पूर्ण शिजू द्या, शेवटच्या १० मिनिटांत चीज. मीठ अर्धंच घाला, प्रोसेस्ड चीज मुळात खारट असतं. बायकोसाठी स्वतः करून राहिले हे वाचून फार बरं वाटलं, पुढच्या वेळी सोबत कांद्याची पात अन् सांभार म्हणजे कोथिंबीर घालून ताक ठेवा, जड लागणार नाही.

प्रश्न : उपासाला साईवाले आलू चालतात का?

उत्तर : आमच्या घरी चालतात. मैदा, लसूण, जायफळ वगळा, जिरं, हिरवी मिरची अन् सैंधव घाला. मैदा नसल्यामुळे आच अजून मंद ठेवा, नाहीतर दूध फाटेल. आलू मात्र हिरवट पडलेले घेऊ नका, उपाशीपोटी तर नाहीच, तो हिरवा भाग कडू असतो अन् पोटाला त्रास देतो, बाजारातून आणल्यावर गोणपाटात अंधारात ठेवले का हिरवे पडत नाहीत.