इम्प्लांटचा स्क्रू तुटला: दोन वर्षं कधीपासून मोजायची?

सांगलीच्या एका वाचकांचं पत्र आहे. पुण्यात खालच्या दाढेच्या जागी इम्प्लांट (हाडात रोवलेलं धातूचं कृत्रिम मूळ) बसवून त्यावर स्क्रूने कॅप लावली. वर्षभरात कॅप हलू लागली. डॉक्टरांनी तीनदा स्क्रू आवळून दिला. शेवटी जेवताना कॅप निघून हातात आली. स्क्रू मधोमध तुटला होता, खालचा तुकडा इम्प्लांटमध्येच अडकला. कंपनीच्या कार्डावर ‘आजीवन वॉरंटी’ लिहिलंय, पण डॉक्टर पुन्हा पैसे मागतात. दावा लागेल का?

अशा पत्रांत सगळ्यांचं बोट वॉरंटी कार्डावर असतं. ते कार्ड तूर्त बाजूला ठेवा. स्क्रू तुटून साडेबावीस महिने झाले, असं तुम्हीच लिहिलंय. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 69 नुसार तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगात तक्रार दाखल व्हावी लागते. म्हणजे तुमच्याकडे सहा आठवडे आहेत.

‘पुढच्या आठवड्यात या, बघू’ या मेसेजवर तुम्ही इतके महिने काढलेत, याचा मला खरंच राग येतो. स्मरणपत्रांनी आणि फोनांनी मुदत वाढत नाही. डॉक्टरांच्या वकिलाने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी आयोगाने तो स्वतःहून तपासायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्येच सांगितलंय. पुरेसं कारण दाखवून उशीर माफ करून घेता येतो, पण ‘डॉक्टर आश्वासन देत होते’ हे कारण पुरेसं ठरेलच असं नाही.

खरी लढाई तारखेवर होईल. समोरचे म्हणतील, स्क्रू पहिल्यांदा सैल झाला तेव्हाच तक्रारीचं कारण घडलं, म्हणजे मुदत कधीच संपली. त्यांच्या हाताशी सर्वोच्च न्यायालयाचा 2010 चा निकाल आहे: पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत पोटात गॉज (रक्त टिपायचं जाळीदार कापड) राहिला, तो नऊ वर्षांनी सापडला. दोष उशिरा कळला तर मुदत तेव्हापासून मोजता येते, हे न्यायालयाने मान्य केलं. पण इतकी वर्षं त्रास होत असूनही रुग्णाने चौकशी केली नाही, म्हणून तक्रार फेटाळली. तुमचं उत्तर असं: प्रत्येक वेळी आवळल्यावर ‘आता ठीक आहे’ असं सांगितलं गेलं, नुकसान झालं ते स्क्रू तुटला तेव्हा. हे टिकावं असं मला वाटतं. हमी देत नाही. आधीच्या तिन्ही भेटी तक्रारीत लपवू नका, तारखांसह लिहा.

त्या भेटी तुमच्या उपयोगाच्याही आहेत. सैल स्क्रूचा ताण गेला की चावताना जोड सूक्ष्म हलतो आणि धातू थकत जाऊन तुटतो. तीनदा सैल झालेला स्क्रू बदलला का नाही, आवळताना टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) वापरला का, वरचे-खालचे दात एकमेकांवर नीट टेकतात का ते तपासलं का, हे प्रश्न डॉक्टरांना विचारता येतील. तुटलेला स्क्रू कृपा करून फेकू नका. आतला तुकडा दुसऱ्या दंतवैद्याकडून काढून घ्याल तेव्हा आधी एक्स-रे काढा आणि दोन्ही तुकडे पाकिटात बंद करून ठेवा. चाचणीशिवाय दोष ठरत नसेल तर आयोग नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो.

कंपनीलाही पक्षकार करा. अशा वॉरंटीत बहुधा फक्त हाडातला भाग असतो, स्क्रू आणि कॅप नसते. शिवाय वरचा भाग दुसऱ्या कंपनीचा निघाला तर कार्ड देणारी कंपनी हात झटकेल. कार्ड पाहिल्याशिवाय याहून जास्त सांगता येणार नाही.

अर्धी रक्कम रोख, बिलाशिवाय का दिलीत? आता बँकेतून पैसे काढल्याची नोंद आणि दर सांगणारा मेसेज शोधा. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही, आणि तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे सांगलीच्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. निकाल तीन ते पाच महिन्यांत द्यावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वर्षं जातात, तेव्हा दाताचा उपचार निकालासाठी अडवून ठेवू नका. आधी नोटीस पाठवणं सक्तीचं नाही. पाठवायचीच तर याच आठवड्यात पाठवा, पण उत्तर येवो न येवो, तक्रार महिनाभरात ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर दाखल करून पोच घ्या.