इंग्लंडच्या बॉडमिन मूरवर खरंच काळा बिबट्या फिरतो का?
पुरावा तरी मिळालेला नाही. कॉर्नवॉलमधल्या या माळरानावर फाडलेल्या मेंढ्या सापडू लागल्या, म्हणून १९९५ मध्ये सरकारी चौकशी झाली. ठोस काही हाती लागलं नाही. लगेच फोवी नदीत बिबट्याची कवटी सापडली! लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमने ती तपासली, तर आत उष्ण प्रदेशातल्या झुरळाच्या अंड्यांचं कवच. म्हणजे ती परदेशातून आणलेल्या, बिबट्याच्या कातड्याच्या गालिच्याचीच.

तरी बघणाऱ्यांना मी सरसकट खोटं ठरवणार नाही. १९७६ च्या कायद्याने हिंस्र प्राणी पाळायला परवाना लागू लागला, तेव्हा काहींनी आपले प्राणी रानात सोडले, असं सांगतात. आणि १९८० मध्ये स्कॉटलंडमध्ये एका शेतकऱ्याच्या पिंजऱ्यात जिवंत प्यूमा (अमेरिकेतली मोठी रानमांजर) अडकलीच होती की!