खोलीचं भाडं, रेफरल चिठ्ठी आणि लपवलेली शुगर

वाचकांचे प्रश्न : आरोग्य विमा

शहापूर, बेळगाव : वडिलांच्या मांडीच्या हाडात रॉड बसवला. चार दिवसांचं बिल १,६०,००० रुपये झालं. पॉलिसी ३ लाखांची आहे, तरी कंपनीने ९३,००० रुपयेच मंजूर केले. खोली तर दिवसाला फक्त २,००० रुपयांनी जास्त होती. मग ६७,००० कापले कसे?

तुमच्या पॉलिसीत खोलीभाड्याला विमा रकमेच्या १ टक्क्याची मर्यादा आहे, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये. तुम्ही ५,००० रुपयांची खोली घेतलीत. अशा वेळी कंपनी नुसता भाड्यातला फरक कापून थांबत नाही. खोलीचा वर्ग वाढला की सर्जनची फी, भूल, थिएटर, नर्सिंग यांचे दरही वाढतात, असं धरून त्या खर्चाचेही ३,०००:५,००० याच प्रमाणात, म्हणजे पाचांतले तीनच हिस्से देते.

तुम्ही पाठवलेलं बिल फोडून पाहू. खोली २०,०००, त्यातले मिळणार १२,०००. सर्जन, भूल, थिएटर, नर्सिंग मिळून ८०,०००, त्यातले मिळणार ४८,०००. हातमोजे, मास्क वगैरे ५,०००. ते बहुतेक पॉलिसींत मिळतच नाहीत. इथवर कंपनीचा हिशेब नियमाला धरून आहे. पण रॉड, औषधं आणि तपासण्या यांच्या ५५,००० रुपयांनाही तिने तीच कात्री लावली आणि २२,००० रुपये कापले. ते चूक आहे. विमा नियामकाच्या नियमानुसार औषधं, शरीरात बसवायचं साहित्य आणि तपासण्या यांवर ही प्रमाणशीर कपात करता येत नाही. आयसीयूच्या खर्चालाही ती लागू नाही.

म्हणजे किमान २२,००० रुपये तुमचे येणं आहेत. कदाचित आणखीही. तुमच्या दवाखान्यात खोली कोणतीही घेतली तरी सर्जनची आणि थिएटरची फी तीच राहत असेल, तर त्या ८०,००० वरची कपातही टिकत नाही. बिलिंग विभागाकडून तसं पत्र, शिक्का आणि तारखेसह, मागून घ्या. अनेकांचे पैसे अडकतात ते या एका कागदावाचून.

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी लिहा. बाबवार बिल, डिस्चार्ज समरी, कपातीचं पत्र आणि रॉडचं स्टिकर व पावती जोडा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर बेंगळुरूच्या विमा लोकपालाकडे जा. कर्नाटकातल्या तक्रारी तिथेच चालतात. फी नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत मात्र अर्ज पोचायला हवा.

निपाणी : आमचं बीपीएल रेशन कार्ड आहे. कोल्हापूर जवळ पडतं. तिथे योजनेतून ऑपरेशन होईल का?

आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. एपीएल कुटुंबाला सरकारी पॅकेज दराच्या ३० टक्के, तेही वर्षाला दीड लाखापर्यंत. पण राज्याबाहेर हे कार्ड प्रत्येक कुटुंबाला चालेलच असं नाही. भरती होण्याआधी, अनामत भरण्याआधी, कोल्हापूरच्या त्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडून, म्हणजे योजनेच्या मदतनीसाकडून, तुमचं नाव संगणकावर तपासून घ्या. रेशन कार्ड आणि आधार यांतलं नावाचं स्पेलिंग जुळत नसेल तर तिथेच अडतं, म्हणून ते आजच दुरुस्तीला टाका.

बेळगावातच उपचार घ्यायचे असतील तर क्रम उलटू देऊ नका. तातडी नसेल तर आधी सरकारी दवाखाना. तिथे तो उपचार होत नसेल तर रेफरल चिठ्ठी घ्यायची आणि मगच योजनेतल्या खासगी दवाखान्यात जायचं. थेट खासगीत भरती होऊन दोन दिवसांनी कार्ड पुढे केलं की मंजुरी अडकते आणि बिल घरच्यांच्या गळ्यात येतं. अपघात, हृदयविकाराचा झटका अशा तातडीला चिठ्ठी लागत नाही.

महाराष्ट्राने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करण्याचा निर्णय २०२३ मध्ये घेतला आणि कर्नाटकाने त्याला हरकत घेतली. दोन सरकारांच्या वादात रुग्ण ताटकळू नये, ही आमची कळकळ आहे. म्हणून ऐन वेळी त्या एकाच योजनेवर भिस्त ठेवू नका. दवाखाना तुमच्या गावचा रुग्ण घेतो का, हे आधीच विचारून ठेवा.

खानापूर : सहकारी सोसायटीत यशस्विनी आरोग्य योजनेचे पैसे भरावेत का?

भरा. ग्रामीण भागात चार जणांच्या कुटुंबाला वर्षाला ५०० रुपये आणि ५ लाखांपर्यंत संरक्षण, इतक्या कमी पैशांत एवढं संरक्षण क्वचितच मिळतं. नोंदणी ठरावीक मुदतीतच होते; सचिवांकडून पावती घ्या आणि कुटुंबातल्या प्रत्येकाचं नाव चढलंय का ते बघा.

चिकोडी : आईला आठ वर्षं शुगर आहे. एजंट म्हणतात, अर्जात लिहू नका, हप्ता वाढेल.

लिहाच. शुगर सांगितली तर तिच्यासाठी जास्तीत जास्त ३६ महिने थांबावं लागेल, त्यानंतर कंपनीला त्या आजाराचा खर्च द्यावाच लागतो. लपवली, तर सलग ६० महिने पॉलिसी चालेपर्यंत कंपनी कधीही, आणि फसवणूक सिद्ध झाली तर त्यानंतरही, तेच कारण दाखवून दावा नाकारू शकते. दवाखान्यात केसपेपरवर 'शुगर ८ वर्षं' असं डॉक्टर लिहितातच, आणि तो कागद कंपनीकडे जातो. वाढीव हप्ता परवडेल, पण ऐन आजारपणात नाकारलेला दावा परवडणार नाही.

अर्ज एजंटने भरला तरी सही आईची असते. भरलेल्या अर्जाची प्रत मागून घ्या, आजारांचा रकाना वाचून बघा. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत ती परत करता येते. त्या मुदतीत चूक सापडली तर कंपनीला लेखी कळवून दुरुस्त करून घ्या आणि पोच जपून ठेवा.