क्रोमचा बंपर आणि काळा बंपर : एमजीबीतील खरा फरक

आपल्या क्लबच्या निपाणीच्या सदस्यांनी गोव्यात दोन एमजीबी, म्हणजे जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्या, शेजारी शेजारी उभ्या पाहिल्या. एकीला चकचकीत क्रोमचा बंपर होता, तर दुसरीला जाड काळे नाक होते. काळ्या नाकाची गाडी स्वस्तात मिळत असेल, तर ती घेऊन मागाहून क्रोमचा बंपर बसवावा का, असे त्यांनी विचारले आहे. बंपर बसवता येतो. मात्र तेवढ्याने ती गाडी जुन्या गाडीसारखी चालणार नाही, कारण या दोन गाड्यांतला मुख्य फरक बंपरात नसून उंचीत आहे.

एमजीबी १९६२ साली इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यातून बाहेर पडली आणि १९८० पर्यंत बनत राहिली. १७९८ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन शेवटपर्यंत कायम होते. गाडीचा मोठा ग्राहक अमेरिकेत असल्यामुळे तिथले नियम बदलले की ॲबिंग्डनला गाडी बदलावी लागे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे असा नियम झाला, की ताशी ५ मैलांच्या धडकेत दिवे व सुरक्षेची साधने शाबूत राहिली पाहिजेत. पाठोपाठ बंपर ठरावीक उंचीवर असण्याची अटही आली. म्हणून १९७४ च्या उत्तरार्धात पोलादी सांगाड्यावर पॉलियुरेथेन चढवलेला बंपर आला. लोक त्याला रबराचा म्हणतात, पण त्यात रबर नाही. जुनी क्रोमची जाळी गेली आणि पुढचे इंडिकेटर मडगार्डांतून निघून बंपरात जाऊन बसले.

दिव्यांची व बंपरची उंची जुळवण्यासाठी नवा सांगाडा आखण्याऐवजी कारखान्याने सगळी गाडीच सुमारे १ इंच उचलली. ऐकायला १ इंच किरकोळ वाटतो. पण गुरुत्वमध्य वर गेला, दोन्ही टोकांना वजन वाढले आणि त्यातच खर्च वाचवण्यासाठी उघड्या छताच्या गाडीचा पुढचा अँटी-रोल बार, म्हणजे वळणावर गाडीचे झुकणे रोखणारा दांडा, काढून टाकला. मागे कमानपाट्यांवर (लीफ स्प्रिंगांवर) उभी असलेली ही गाडी वळणावर झुकू लागली, ती यामुळे. चोर्ल्याच्या घाटात दोन्ही गाड्या चालवण्याची संधी मला मिळाली आहे. क्रोमची गाडी वळणात मुकाट शिरते, तर १९७५ ची गाडी आधी एका अंगावर रेलते आणि मग वळते. कारखान्यालाही चूक उमगली असावी, कारण १९७७ च्या मॉडेलपासून पुढे जाड आणि मागे नवा असे दोन्ही बार बसवले गेले. काळा बंपरच घ्यायचा असेल, तर मी १९७७ नंतरचीच गाडी पाहीन.

अमेरिकेसाठी बनलेल्या नंतरच्या गाड्यांत दोन एसयू कार्बुरेटरांच्या जागी एकच स्ट्रॉमबर्ग असतो व ताकद बरीच घटलेली असते. आपल्यासमोरची गाडी तिकडून आलेली असेल, तर बॉनेट उघडून हे आधी पाहावे.

आता बंपर बदलण्याविषयी. नुसते बोल्ट सोडून हे काम होत नाही. पुढच्या मडगार्डांचे खालचे कोपरे आणि मागचे कोपरे कापून नवा पत्रा वेल्डिंगने जोडावा लागतो, इंडिकेटरची जागा पुन्हा घडवावी लागते. आपल्या बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हे काम नीट करणारे कारागीर आहेत. पण माझा सल्ला असा, की आधी उंची उतरवा. पैसे उरले तर क्रोमचा विचार करा. पुढे कमी उंचीच्या कॉइल स्प्रिंगा लागतात आणि मागे कमी वाकाचे पाटे.

या पाट्यांच्या बाबतीत माझी फजिती झाली आहे. ऊसवाहतुकीच्या ट्रकांचे पाटे ठोकून देणाऱ्या एका कारागिराकडून एका गाडीचे पाटे मी थंडच ठोकून सरळ करून घेतले. दोन पावसाळ्यांतच डावा पाटा बसला आणि गाडी लंगडी उभी राहू लागली. पाट्याचा वाक बदलायचा तर तो तापवून, पाणी देऊन पुन्हा टेंपर करावा लागतो, आणि दोन्ही बाजूंचे पाटे एकाच वेळी करावे लागतात. ही सोय नसेल, तर क्रोमच्या गाडीच्या मूळ मापाचे नवे पाटे मागवणेच स्वस्त पडते. ते बसवताना शॅकलचे (पाट्याचे टोक गाडीला जोडणाऱ्या कडीचे) रबरी बुशही बदलून घ्यावेत, आणि गाडी चाकांवर उभी करून मगच बोल्ट पूर्ण आवळावेत.