टॅको शेल आणि रॅपऐवजी कमी कर्बोदकांचे काय वापरता येईल?

मधुमेहामुळे कर्बोदके कमी करायची आहेत, टॅको आणि रॅप मात्र सोडवत नाहीत, आणि लेट्यूसच्या पानात भरलेले सारण पहिल्याच घासाला हातावर ओघळते, अशी तुमची अडचण आहे. याच कारणासाठी मीही गेली काही वर्षे टॉर्टिया, म्हणजे टॅको आणि रॅपसाठीची मैद्याची किंवा मक्याची पातळ पोळी, आणणे बंद केले आहे; त्यामुळे जे स्वतः करून पाहिले, तेच सांगतो.

आठ इंची मैद्याच्या टॉर्टियात साधारण २५ ग्रॅम, तर सहा इंची मक्याच्या टॉर्टियात ११ ते १३ ग्रॅम कर्बोदके असतात. मैद्यातले ग्लुटेन हे चिवट प्रथिन आवरण लवचीक ठेवते आणि पिष्ट (स्टार्च) सारणातला रस शोषून घेते. म्हणून पर्याय निवडताना कर्बोदके किती, याइतकेच ओलावा कोण धरून ठेवणार, हेही पाहावे लागते. लेट्यूसचे पान हा ओलावा अजिबात धरत नाही, आणि तुमचे सारण गळते ते त्यामुळेच. पान वापरायचेच असेल तर धुतल्यावर कापडाने पूर्ण कोरडे करा, दोन पाने एकमेकांवर उलटसुलट ठेवा आणि सारण कढईत कोरडे होईपर्यंत परता. कोबीचे पान अधिक भक्कम असते. ते उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून काढले आणि मधली जाड शीर सुरीने पानाच्या सपाटीला तासून टाकली, की न मोडता गुंडाळता येते.

कुरकुरीत टॅकोसाठी मला चीजचे शेल सर्वांत पटले. बेकिंग पेपरवर ३० ग्रॅम किसलेले चेडर चीज हाताच्या पंजाएवढे गोल पसरून १९० अंश सेल्सिअसला सहा ते आठ मिनिटे ठेवावे. सुरुवातीला मोठे, सैल बुडबुडे येतात, मग ते बारीक होतात आणि कडा तांबूस दिसू लागते. तेव्हाच बाहेर काढावे. बाहेर काढल्यावर मिनिटभर थांबा, मग दोन पेल्यांवर आडव्या ठेवलेल्या लाकडी चमच्याच्या दांड्यावर ती चकती पेपरसकट टाका. घाई केली तर ती फाटते आणि उशीर केला तर वाकवताना तुटते, म्हणून एका वेळी दोनपेक्षा जास्त करू नयेत. अशा शेलमध्ये एक ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदके असतात, मात्र उष्मांक सुमारे १२० आणि मीठही बरेच असते, त्यामुळे दोनवर थांबणे बरे. चीज स्वतः किसावे, कारण पाकिटातल्या किसलेल्या चीजला चिकटू नये म्हणून बहुधा पिष्ट लावलेले असते.

गुंडाळायच्या रॅपसाठी मात्र माझी पसंती निःसंशय जवसाला आहे. १५० ग्रॅम जवसाच्या बारीक पिठात चिमूटभर मीठ घालून जवळजवळ तेवढ्याच वजनाचे उकळते पाणी थोडे थोडे ओतत ढवळले, की जवसातला चिकट द्रव सुटून पिठाचा गोळा बनतो. तो निवला की सहा भाग करून दोन बेकिंग पेपरांमध्ये लाटावेत आणि मध्यम आचेवर प्रत्येक बाजूने मिनिट-दीड मिनिट भाजावेत. एका रॅपमध्ये सुमारे ७ ग्रॅम कर्बोदके येतात, पण त्यांतला बहुतेक भाग न पचणाऱ्या तंतूंचा असतो. जास्त भाजला तर रॅप कडक होऊन घडीवर चिरतो, म्हणून भाजलेले रॅप कापडात झाकून ठेवावेत. अंड्याचा पातळ रॅप याहून सोपा आहे, पण तो थंड झाल्यावर फारसा चांगला लागत नाही. फ्लॉवर किसून, वाफवून, पिळून केलेल्या टॉर्टियाला लागणारी मेहनत मला परवडत नाही.

विकतचे घेताना रंगावर जाऊ नका. हिरव्या पालक रॅपमध्येही मुख्य घटक बहुधा मैदाच असतो, आणि ग्लुटेनमुक्त म्हणजे कमी कर्बोदकांचे असा अर्थ होत नाही. तांदळाचे पातळ आवरण तर जवळजवळ सगळे पिष्टच असते. लेबलवर एका वाढणीचे माप पूर्ण रॅपचे आहे की अर्ध्याचे, हे आधी बघा. अमेरिकी लेबलवरील एकूण कर्बोदकांत तंतू धरलेले असतात, तर युरोपीय संघातील लेबलवर ते आधीच वगळलेले असतात, त्यामुळे तेथे पुन्हा वजाबाकी केल्यास हिशेब चुकतो.

आवरण बदलूनही आत भात, मका किंवा साखर घातलेला सॉस गेला, तर रक्तातली साखर वाढतेच. शिजवलेल्या १०० ग्रॅम काळ्या राजम्यातही २० ग्रॅमहून अधिक कर्बोदके असतात, म्हणून तो दोन चमच्यांपुरता ठेवून बाकी जागा मांस, पनीर किंवा परतलेल्या भाज्यांना द्या. तुम्ही इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेत असाल तर कर्बोदके एकदम कमी करण्याआधी डॉक्टरांशी मात्रेबद्दल अवश्य बोला, कारण औषध तेवढेच राहिले आणि जेवणातले पिष्ट घटले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.