बेटावरून बेटावर : छोट्या विमानांबद्दल वाचकांचे प्रश्न

कापूस-तुरीचे पैसे हातात आले की आपल्याकडे सहलीची बोलणी सुरू होतात. यंदाच्या पत्रांत मालदीव, बाली, अंदमान, थेट हवाईसुद्धा आहे. या सगळ्या ठिकाणी एक गोष्ट सारखीच : प्रवासाचा हिशेब शेवटच्या बेटापासून उलटा, नागपूरकडे करत यायचा. नागपूरचं स्वस्त तिकीट आधी काढलं की पुढचं सगळं त्याच्या मागे फरफटत जातं.

प्रश्न (वणी) : लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मालदीवला जातोय. नागपूरहून बेंगळुरूमार्गे माले विमानतळावर संध्याकाळी पावणेपाचला पोचू. रिसॉर्टला सी-प्लेननं जायचं आहे. एजंट म्हणतो, काही अडचण नाही. बरोबर आहे का?

अडचण आहे, आणि मोठी आहे. सी-प्लेन पाण्यावर उतरतं आणि वैमानिक डोळ्यांनी पाहून उतरवतो, म्हणून ही विमानं फक्त दिवसाउजेडी उडतात. माले विमानतळावर साधारण साडेतीनच्या आत उतरलात तर त्याच दिवशी पुढे जाता येईल असं धरा. पावणेपाचला उतरून इमिग्रेशन आणि सामान होईतो शेवटचं सी-प्लेन गेलेलं असेल. मग रात्र विमानतळाजवळच्या हुलहुमालेच्या हॉटेलात काढावी लागेल आणि रिसॉर्टच्या एका रात्रीचे पैसे फुकट जातील.

सी-प्लेनचं तिकीट आपण वेबसाइटवर काढत नाही, रिसॉर्ट काढून देतं. त्यांना तुमच्या विमानाचा नंबर आणि वेळ आधी कळवावी लागते. नक्की कितीची वारी मिळणार हे बहुधा आदल्या दिवशीच ठरतं, कारण एकच विमान वाटेत दोन-तीन रिसॉर्टवर थांबत जातं. भाडं माणशी शेकडो डॉलर असतं, तेव्हा पॅकेजमध्ये ते धरलंय का हे एजंटकडून लिहून घ्या. तोंडी 'सगळं आहे' चालायचं नाही.

सामानाचंही ऐका. ही ट्विन ऑटर जातीची, पंधराएक प्रवाशांची विमानं. काउंटरवर मोठी बॅग तर वजन होतेच, खांद्यावरची पिशवीही काट्यावर ठेवायला सांगतात. साधारण २० किलो मोठी बॅग आणि ५ किलो हातातलं, एवढीच सूट असते. वरच्या प्रत्येक किलोचे पैसे पडतात.

तुमच्यापुढे तीन वाटा आहेत. सकाळी पोचणारं विमान घ्या. नाहीतर मालेजवळचं, स्पीडबोटीनं जाता येणारं रिसॉर्ट निवडा, तिथे रात्रीही नेतात. किंवा देशांतर्गत विमानतळ जवळ असलेलं रिसॉर्ट बघा, कारण ती विमानं धावपट्टीवर उतरतात आणि अंधारातही चालतात. पंचविसाव्या वाढदिवसाला मी पहिली वाट सुचवीन. वरून दिसणारी प्रवाळबेटांची ती निळी-हिरवी कडी बघायला मिळावीत. परतीचं विमानही दुपारनंतरचंच ठेवा, सकाळी लवकरचं ठेवलंत तर आदली रात्र मालेतच काढावी लागेल.

प्रश्न (दारव्हा) : मार्चमध्ये बाली आणि तिथून कोमोडो ड्रॅगन हे राक्षसी सरडे बघायला लाबुआन बाजो असं आम्ही दोन शिक्षक कुटुंबं ठरवतोय. वेगवेगळी तिकिटं काढली तर बरेच पैसे वाचतात. मध्ये तीन तास ठेवलेत. पुरतील का?

वेगवेगळी तिकिटं काढायला माझी हरकत नाही, पण त्यातली जोखीम कोणाची हे समजून घ्या. एकाच पीएनआरवर पूर्ण प्रवास असेल आणि पहिलं विमान लेट झालं, तर पुढच्या विमानात बसवून देणं ही कंपनीची जबाबदारी. दोन वेगळी तिकिटं असली की दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही फक्त वेळेवर न आलेले प्रवासी. तिकीट गेलं. वर सामानही थेट पुढे जात नाही. बालीत व्हिसा ऑन अरायव्हल, इमिग्रेशन, बॅगा, कस्टम्स, मग डोमेस्टिक टर्मिनलला जाऊन पुन्हा चेक-इन. दोन कुटुंबं, लहान मुलं आणि तीन तास, मला हे पटत नाही. पहिली रात्र बालीत काढा आणि दुसऱ्या सकाळी लाबुआन बाजोला जा. उड्डाण तासाभराचंच आहे. परतताना भारताच्या विमानाच्या आदल्या दिवशीच बालीत या.

आता मार्चबद्दल. बालीत न्येपी नावाचा दिवस पाळतात. शक संवत्सराचा तो पहिला दिवस. आपले शके आणि त्यांचे शके एकाच गणनेतले, म्हणून तो पुष्कळदा आपल्या गुढीपाडव्याच्या आसपास येतो. २०२५ मध्ये न्येपी २९ मार्चला आणि पाडवा ३० मार्चला होता. २०२६ मध्ये दोन्ही १९ मार्चला. पण अधिक मासाच्या हिशेबामुळे कधी महिनाभराचं अंतर पडतं : २०२४ मध्ये न्येपी ११ मार्चला आणि पाडवा ९ एप्रिलला होता. म्हणून कालनिर्णय बघून अंदाज बांधू नका, त्या वर्षीची तारीख शोधा. त्या दिवशी सकाळी सहापासून दुसऱ्या सकाळी सहापर्यंत बालीचा विमानतळ बंद असतो. रस्त्यावर माणूस नाही, पर्यटकांनीही हॉटेलच्या आवारातच राहायचं. ज्यांना माहीत असतं त्यांना तो शांत दिवस फार आवडतो. ज्यांचं तिकीट त्या दिवसाचं निघतं त्यांचे हाल होतात.

आणि ज्वालामुखी. नोव्हेंबर २०२४ मध्ये फ्लोरेस बेटावरच्या लेवोतोबीची राख उडाली आणि बालीची कितीतरी विमानं रद्द झाली. लाबुआन बाजो त्याच फ्लोरेसच्या पश्चिम टोकाला आहे. प्रवास विमा तिकिटाबरोबरच काढा, राख उडाल्याची बातमी आल्यावर काढलेला विमा त्या घटनेला लागू होत नाही. शाळेच्या सुट्टीचं जमत असेल तर मेमध्येच जा, तेव्हा तिकडे पाऊस ओसरलेला असतो.

प्रश्न (चिखली) : पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकला विमान आहे का?

नाही, फेरीबोटीनंच जायचं. हेलिकॉप्टर आहे, पण ते आधी बेटांवरच्या रहिवाशांसाठी आणि रुग्णांसाठी, त्यावर सहल बांधू नका. बुकिंग करताना नवी नावं दिसतील : पोर्ट ब्लेअर आता श्री विजयपुरम, हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप आणि नील म्हणजे शहीद द्वीप. समुद्र खवळला की फेऱ्या रद्द होतात, तेव्हा परतीच्या विमानाची आदली रात्र श्री विजयपुरममध्येच मुक्काम ठेवा.

प्रश्न (मोर्शी) : पोरगा कॅलिफोर्नियात राहते. तो म्हणते, आठ दिवस हवाईले जाऊ, चार बेटं पाहू. माह्या घरच्यांचे गुडघे दुखतात. बोटीनं काहून नाही जाता येत? अन् आपल्या बागेतली संत्री नेता येतीन का?

काका, हवाईच्या मोठ्या बेटांमध्ये प्रवासी बोट जवळपास नाहीच. माउई ते लनाई एवढी एक फेरी आहे. २००७ साली मोठी सुपरफेरी सुरू झाली होती, पर्यावरणाच्या अभ्यासावरून कोर्टकचेरी झाली आणि २००९ मध्ये ती बंद पडली. त्यामुळे आपण एसटीनं जातो तशी तिथली माणसं विमानानं जातात. होनोलुलूहून बाकीच्या बेटांवर पाऊण तासात पोचता येतं.

पण पाऊण तास फक्त हवेतला. हॉटेल सोडा, भाड्याची गाडी परत करा, सुरक्षा तपासणी, उड्डाण, पुन्हा बॅगा, पुन्हा गाडी. एक बेट बदललं की अर्धा दिवस गेला. आठ दिवसांत चार बेटं म्हणजे काकूंचे गुडघे विमानतळावरच दुखतील. दोन बेटं करा. पोराला सांगा, जाताना होनोलुलूला उतरायचं आणि परतताना दुसऱ्या बेटावरूनच कॅलिफोर्नियाचं विमान धरायचं. माउई, कोना (बिग आयलंड), लिहुए (कवाई बेट) इथूनही थेट विमानं आहेत. होनोलुलूला परत यायचा एक हेलपाटा वाचतो. ज्वालामुखी बघायचा असेल तर दुसरं बेट बिग आयलंड घ्या. तिथे हिलो आणि कोना असे दोन टोकांना दोन विमानतळ आहेत, हिलोला उतरून कोनाहून निघा. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवा, प्रत्येक उड्डाणासाठी.

संत्री मात्र नेऊ नका. ताजी फळं भारतातून अमेरिकेत नेता येत नाहीत, लपवून नेली तर दंड होतो. हवाईहून कॅलिफोर्नियाला परततानाही कृषी खातं बॅगा तपासतं, तिथले आंबे आणता येणार नाहीत, अननस चालतो. आणखी एक, प्रसादाची वाळल्या खोबऱ्याची वाटी मोठ्या बॅगेत टाकू नका. खोबऱ्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकतं, म्हणून चेक-इनमध्ये त्याला मनाई आहे.

प्रश्न (आरमोरी) : आधारवर नावाचं स्पेलिंग एक आणि पासपोर्टवर दुसरं. तिकिटावर कोणतं?

परदेशी जायचं तर पासपोर्टवरचं, अक्षर न अक्षर तसंच. मधलं वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पासपोर्टवर ज्या रकान्यात आहे त्याच रकान्यात लिहा. मधलं बेटाचं छोटं तिकीट बहुतेक वेळा दुसऱ्याच वेबसाइटवर निघतं आणि घोळ तिथेच होतो, म्हणून पासपोर्ट समोर उघडा ठेवून भरा. अंदमानला देशातल्या देशात जायचंय तर आधार चालतं, मग तिकीटही आधारवरच्या स्पेलिंगनं काढा.