एअरबॉक्सचं (एअर फिल्टरच्या डब्याचं) झाकण काढून मोकळा सायलेन्सर लावल्यापासून जुनी स्पोर्ट क्वाड (चार चाकांची ऑफ-रोड बाइक) अर्ध्या थ्रॉटलला अडखळते. काय करू?

हवा वाढली, पेट्रोल तेवढंच राहिलं. मिश्रण लीन झालंय. पण जेटला (कार्बोरेटरमधल्या पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या तुकड्याला) हात लावण्याआधी कार्बोरेटर आणि इंजिनामधला रबरी बूट बघा, जुन्या गाडीत तो हमखास चिरलेला असतो. इंजिन थंड असतानाच चालू करा आणि आयडलिंगवर बुटाभोवती थोडा कार्ब क्लीनर मारा. आरपीएम बदलला की हवा तिथूनच शिरतेय. (फवारा सायलेन्सरच्या पाइपवर नको, पेट घेईल.)

बूट ठीक असेल तर नीडलची (कार्बोरेटरमधल्या सुईची) क्लिप एक खाच खाली घ्या. नीडल वर उचलली जाते, पाव ते पाऊण थ्रॉटलला पेट्रोल वाढतं. पूर्ण थ्रॉटललाही ओढत नसेल तरच मेन जेट एक साइझ मोठा. मग प्लग काढून पाहा: पांढरा म्हणजे अजून लीन, फिकट तपकिरी बरोबर, काजळी धरली तर पेट्रोल जास्त झालं. लीन तशीच दामटलीत तर पिस्टन जाईल.